शब्दांच्या आठ जाती कोणी ठरवल्या? ग्रीक वैयाकरणांविषयी एक प्रश्न

पाटीपुस्तक:

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दर वर्षी शाळा सुरू झाली की शब्दांच्या जातींचा पाठ येतो आणि फळ्यावर नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही चार विकारी व क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही चार अविकारी अशी आठ नावे लिहिली जातात. यंदा एका मुलीने हात वर करून विचारले, "बाई, आठच का? हे मोजले कोणी?" संस्कृतातून आल्या असाव्यात, असे सांगून मी वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर मन स्वस्थ बसेना. यास्काच्या निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशा चारच पदजाती आहेत. पाणिनीने तर पदाची व्याख्या 'सुप्तिङन्तं पदम्' अशी दोनच प्रकारांत केली आहे. म्हणजे आठाची संख्या तिकडून आलेली नाही.

पुढे वाचताना कळले की ही संख्या ग्रीकांची असून ती दिओनिसिओस थ्राक्स नावाच्या वैयाकरणाच्या लहानशा पुस्तकात सापडते. त्यापलीकडे मला या मंडळींविषयी काहीच माहिती नाही. ही माणसे कोण होती, कुठे राहत होती, त्यांचे पोट कशावर चालत होते? आपलीच मातृभाषा असलेल्या भाषेचे व्याकरण लिहावे असे त्यांना का वाटले असेल? आणि आठाची ही मोजणी खरोखर दिओनिसिओसचीच आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी त्या मुलीला नीट उत्तर देऊ शकेन.

जुनीपोथी:

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. उत्तराची सुरुवात 'व्याकरण' या शब्दापासूनच करावी लागेल, कारण आपण ज्याला व्याकरण म्हणतो आणि ग्रीक ज्याला 'ग्रामातिके' म्हणत, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीकमध्ये 'ग्रामा' म्हणजे अक्षर. 'ग्रामातिकोस' म्हणजे अक्षरांचा जाणकार, आणि पुढे लिखित ग्रंथांचा जाणकार. दिओनिसिओसच्या नावावर असलेल्या 'तेख्ने ग्रामातिके' या पुस्तकाचे पहिलेच वाक्य असे आहे की, कवी आणि गद्यलेखक सामान्यतः जसे बोलतात त्याचे अनुभवाने आलेले ज्ञान म्हणजे ग्रामातिके. लगेच पुढे तो तिची सहा अंगे सांगतो: स्वराघात सांभाळून केलेले वाचन, काव्यातील अलंकारांचे स्पष्टीकरण, अवघड शब्द व कथासंदर्भ उलगडणे, व्युत्पत्ती शोधणे, रूपांमधील साम्याचा हिशोब मांडणे, आणि शेवटी काव्याची पारख. ही पारख सर्वांत सुंदर अंग आहे, असे त्याने मुद्दाम म्हटले आहे. शब्दांच्या जाती या सहांत कुठेच स्वतंत्रपणे येत नाहीत. त्या हत्याराच्या पेटीत होत्या. खरे काम होते होमर या प्राचीन महाकवीची काव्ये वाचण्याचे.

हे काम इजिप्तमधील अलेक्झांड्रियात उभे राहिले. टॉलेमी राजांनी तेथे ग्रंथालय उभारले आणि ग्रीक जगातून पोथ्या गोळा केल्या, तेव्हा होमरच्या इलियड आणि ऑडिसी या महाकाव्यांच्या गावोगावच्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत हे प्रथमच एका छताखाली दिसू लागले. कुठे ओळी जास्त, कुठे कमी, कुठे शब्दच निराळा. इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एफेससचा झेनोदोतोस ग्रंथालयाचा पहिला प्रमुख झाला आणि त्याने होमरची संहिता शोधण्यास घेतली. संशयास्पद ओळीच्या डाव्या बाजूला एक आडवी रेघ ओढण्याची पद्धत त्याची. या रेघेला 'ओबेलोस' म्हणत. ती ओळ त्याने खोडली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत, आणि खालचे अक्षर झाकले जाई. ओबेलोसने अक्षर झाकले जात नाही. "मला ही ओळ होमरची वाटत नाही, परंतु ती येथे आहे, आपणही पाहा," असे ती रेघ वाचकाला सांगते.

त्यानंतर बिझांतिऑनचा आरिस्तोफानेस आला (नाटककार आरिस्तोफानेस वेगळा). ग्रीक लिपीवरील आघातचिन्हांचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. त्या काळी ग्रीक लेखनात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसत, आणि भाषेतील आघात सुराच्या चढउताराचा असल्यामुळे दूरदेशी ग्रीक शिकणाऱ्या माणसाला शब्द कुठे संपतो आणि सूर कुठे चढतो हे लिखाणावरून कळत नसे. त्याच्या स्मरणशक्तीविषयी रोमन लेखक विट्रुव्हियसने एक गोष्ट सांगितली आहे. काव्यस्पर्धेत तो परीक्षक होता, आणि सर्वांना आवडलेल्या कवींना डावलून श्रोत्यांना सर्वांत कमी रुचलेल्या कवीला त्याने पहिले बक्षीस द्यावे म्हटले. कारण बाकीच्यांनी चोरी केली होती. राजाला ते पटेना, तेव्हा ग्रंथालयातील ठरावीक कपाटांतून गुंडाळ्या काढून त्याने मूळ कविता पुढे ठेवल्या. पुढे तो पर्गामोनच्या प्रतिस्पर्धी राजाकडे जाण्याच्या विचारात आहे अशी कुणकुण लागताच टॉलेमीने त्याला कैदेत टाकले, असे बायझंटाईन कोश 'सूदा' सांगतो. राजाश्रयाची ही दुसरी बाजू होती.

या परंपरेचा कळस म्हणजे सामोथ्राकेचा आरिस्तार्खोस (सुमारे इ. स. पू. २१६ ते १४४). तो राजपुत्रांचा शिक्षक होता. त्याने लिहिलेल्या भाष्यग्रंथांची संख्या सूदा कोशात आठशेहून अधिक दिली आहे. होमरचा अर्थ होमरवरूनच लावावा, हे सूत्र ज्या शब्दांत आज उद्धृत होते ते शब्द नंतरच्या पोर्फिरिओसचे आहेत, पण पद्धत आरिस्तार्खोसचीच. उदाहरणार्थ, 'फोबोस' या शब्दाचा त्याच्या काळातला अर्थ 'भीती'. आरिस्तार्खोसने होमरमधील सगळी स्थळे पाहून दाखवले की तेथे या शब्दाचा अर्थ 'रणातून पळ' असा आहे. शब्द तोच राहतो आणि अर्थ शतकांमध्ये सरकतो, हे ध्यानात घेऊन वाचणे हीच त्याची सारी विद्या होती. ज्ञानेश्वरी वाचताना आजच्या मराठीचा अर्थ तेथे घुसवू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा आपणही हेच करत असतो.

या माणसाचा शेवट मात्र वाईट झाला. इ. स. पू. १४५ मध्ये आठवा टॉलेमी गादीवर आला आणि त्याने विरोधकांबरोबर विद्वानांनाही पळवून लावले. आरिस्तार्खोस सायप्रसला गेला. तेथे जलोदराने गाठले, तेव्हा बहात्तराव्या वर्षी अन्न वर्ज्य करून त्याने देह ठेवला, असे सूदात आहे. ग्रंथालयाच्या प्रमुखांची एक यादी इजिप्तमधील ऑक्सिरिन्खोस येथे पपायरसवर (एका पाणवनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदावर) सापडली असून तिच्यात आरिस्तार्खोसनंतर जे नाव येते ते किदास नावाच्या भालाईताचे आहे. झेनोदोतोस आणि आरिस्तार्खोस ज्या जागेवर बसले तेथे राजाने सैनिक नेमला.

आपला दिओनिसिओस हा याच आरिस्तार्खोसचा शिष्य. त्याच्या वडिलांचे नाव तेरेस हे थ्रेसकडचे, म्हणून तो थ्राक्स. तो ऱ्होड्स बेटावर जाऊन शिकवू लागला. तेथे त्याच्या शिष्यांनी चांदी जमवून दिली आणि इलियडमध्ये वर्णन केलेला नेस्तोरचा पेला नेमका कसा असेल हे त्याने ती चांदी घडवून दाखवले, अशी आठवण आथेनाइओस या ग्रीक लेखकाने नोंदवली आहे. त्या वर्णनातील चार कान आणि कबुतरे यांची रचना कशी समजावी, यावर वैयाकरणांचे वाद होते. दिओनिसिओसने वाद सोनाराच्या भट्टीवर नेला. मला तरी आठ जातींपेक्षा हा पेला त्याची अधिक खरी ओळख वाटतो.

मधलीवाट:

जुनीपोथी यांनी पाया उत्तम घातला आहे. आठाच्या मोजणीबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी. दिओनिसिओसच्या नावावरील पुस्तकात आठ जाती आहेत हे खरे: नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद (इंग्रजीतील 'द'सारखा शब्द), सर्वनाम, पूर्वयोगी अव्यय (नामाच्या आधी येणारे), क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. पण ते सगळे पुस्तक त्याचे आहे का? इटालियन विद्वान व्हिन्चेन्त्सो दी बेनेदेत्तो यांनी १९५८-५९ मध्ये असे मांडले की सुरुवातीची व्याख्या आणि सहा अंगे दिओनिसिओसची असून पुढचा, जातींचा भाग कित्येक शतकांनंतर जोडलेला आहे. याला जुना आधारही आहे. अपोलोनिओस दिस्कोलोस हा दुसऱ्या शतकातील मोठा वैयाकरण सांगतो की दिओनिसिओस सर्वनामांना 'दर्शक उपपदे' म्हणत असे. पुस्तकात मात्र सर्वनाम ही वेगळी जात आहे. एकच माणूस दोन्ही कसे म्हणेल? या प्रश्नावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझा कौल दी बेनेदेत्तो यांच्या बाजूला झुकतो, निदान पुस्तकाच्या उत्तरार्धापुरता.

तथापि यामुळे आठाची मोजणी उशिराची ठरते असे मात्र नाही. रोमन शिक्षक क्विन्टिलियन पहिल्या शतकात लिहितो की आठ जाती मानणाऱ्यांत आरिस्तार्खोस होता. त्याआधीची पायरी अशी की प्लेटोकडे 'ओनोमा' (नाम) आणि 'ऱ्हेमा' (क्रियापद) हे दोनच भाग होते, अ‍ॅरिस्टॉटलने त्यांत जोडणाऱ्या शब्दांची भर घातली, आणि स्टोइक तत्त्वज्ञांनी ते आणखी फोडून पाच-सहापर्यंत नेले. तत्त्वज्ञांना विधान खरे की खोटे हे तपासायचे होते. वैयाकरणांना होमरच्या ओळीतला प्रत्येक शब्द कोणत्या घरात ठेवायचा हे ठरवायचे होते. म्हणून घरे वाढली.

आता ही घरे आपल्या फळ्यापर्यंत कशी आली ते पाहू. लॅटिनमध्ये उपपद नाही. ग्रीक आराखडा घ्यायचा तर एक घर रिकामे पडते. रोमनांनी संख्या सोडली नाही. उद्गारवाचक शब्द ग्रीकांकडे क्रियाविशेषणात जमा होते, ते बाहेर काढून त्यांची स्वतंत्र जात केली आणि पुन्हा आठ भरले. याचे श्रेय बहुधा रेमियस पालेमॉनला देतात. हा एका स्त्रीच्या घरी जन्मलेला गुलाम होता. आधी विणकाम शिकला आणि मग मालकाच्या मुलाला शाळेत पोचवता पोचवता अक्षरे शिकला, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहिले आहे. चौथ्या शतकात डोनाटस या लॅटिन वैयाकरणाने लहान मुलांसाठी प्रश्नोत्तरी लिहिली. तिची सुरुवातच अशी आहे: "भाषणाचे भाग किती? आठ." युरोपातील मुलांनी हजार वर्षांहून अधिक काळ हे पाठ केले. आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला 'आठच का' हा प्रश्न मात्र त्या पुस्तकात नाही.

पुढे इंग्रजी शालेय व्याकरणांत विशेषण नामापासून वेगळे झाले (ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ते नामाचाच प्रकार होते) आणि धातुसाधित गळाले. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या गाजलेल्या इंग्रजी व्याकरणात नऊ जाती आहेत: उपपद, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. मराठीत उपपद नाही. ते वगळा, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले आठ जसेच्या तसे उरतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नमुना समोर ठेवून मराठीची शालेय व्याकरणे रचली गेली, त्या वाटेने ही यादी आली. तेव्हा अलेक्झांड्रियाचे आठ आणि आपले आठ यांत संख्या समान असली तरी घरे तीच नाहीत. ग्रीकांच्या यादीत विशेषण आणि केवलप्रयोगी नव्हते. आपल्या यादीत उपपद आणि धातुसाधित नाही.

या प्रवासात अर्थही कसे घसरतात याचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. आपल्या द्वितीयेच्या जागी जी विभक्ती येते तिला ग्रीक 'ऐतिआतिके' म्हणत. हा शब्द 'घडवून आणलेली गोष्ट' या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, आणि कर्माला तो शोभतो. पण त्याच मुळापासून 'आरोप करणे' असाही अर्थ निघतो. रोमनांनी तो दुसरा अर्थ धरून भाषांतर केले, आणि युरोपभर कर्माची विभक्ती 'आरोपाची विभक्ती' होऊन बसली. संस्कृतने विभक्तींना प्रथमा, द्वितीया अशी क्रमाची नावे दिली, त्यामुळे आपण या संकटातून वाचलो.

पाटीपुस्तक:

दोघांचेही मनापासून आभार. विशेषण आणि केवलप्रयोगी मूळ ग्रीक यादीत नव्हतेच, हे वाचून मी थक्क झाले. आणखी दोन शंका आहेत. पाणिनीशी तुलना करता या मंडळींचे काम केवळ वर्गवारीचे होते का, की वाक्य कसे घडते याचाही विचार त्यांनी केला? आणि ज्यांना राजाश्रय नव्हता अशा साध्या शिक्षकांचे काय?

अन्वय:

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण वर ज्याचे नाव ओझरते आले तो अपोलोनिओस दिस्कोलोस माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. तो इ. स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहत होता. त्याच्या एका जुन्या चरित्रात म्हटले आहे की तो इतका गरीब होता की पपायरस विकत घेणे परवडत नसल्यामुळे खापरांच्या तुकड्यांवर लिहीत असे. 'दिस्कोलोस' म्हणजे अवघड किंवा तिरसट. हे नाव त्याच्या स्वभावामुळे पडले की तो विचारत असलेल्या कठीण प्रश्नांमुळे, याविषयी प्राचीनांतच दोन मते होती. त्याचे ग्रंथ वाचताना दुसरे मत पटते. त्याच्या विपुल लेखनापैकी सर्वनामे, क्रियाविशेषणे आणि उभयान्वयी यांवरील तीन प्रबंध आणि चार भागांचा वाक्यविचार एवढेच आज हाती आहे. वाक्यरचनेवर उरलेला हा पहिला ग्रीक ग्रंथ आहे.

त्याची विचार करण्याची रीत एका उदाहरणावरून कळेल. समोर एक बाई उभी आहे आणि कोणी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा मला मारून गेला." हे व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे का? कित्येक जण चटकन हो म्हणतील. अपोलोनिओस म्हणतो, नाही. 'हा' आणि 'गेला' यांचा मेळ बरोबर आहे, वाक्य स्वतःपुरते निर्दोष आहे. चूक झाली ती बोट दाखवण्यात. शब्दांचा शब्दांशी मेळ ही एक गोष्ट आणि शब्दांचा बाहेरच्या वस्तूशी मेळ ही दुसरी. व्याकरणाचा अधिकार पहिल्यापुरताच आहे. अठराशे वर्षांपूर्वी हा भेद इतक्या स्वच्छपणे केलेला पाहिला की मला अजूनही नवल वाटते.

दुसरे उदाहरण प्रेमाचे. ग्रीकमध्ये 'फिलेइन' हे क्रियापद कर्माची विभक्ती घेते आणि 'एरान' षष्ठीसारखी विभक्ती घेते, दोहोंचा अर्थ प्रेम करणे असला तरी. असे का? अपोलोनिओसचे स्पष्टीकरण असे की आईबाप मुलांवर प्रेम करतात तेव्हा ते कर्ते असतात, त्यांची कृती मुलांपर्यंत पोचते, म्हणून तेथे कर्म. अनुरागात पडलेला माणूस मात्र करणारा नसून दुसऱ्याकडून काही भोगणारा असतो, म्हणून तेथे निराळी विभक्ती. 'मी तुला पाहतो' आणि 'मला तू आवडतेस' यांतील फरक ज्या मराठी माणसाच्या कानात आहे त्याला हे फार समजावून सांगावे लागत नाही.

पाणिनीशी तुलना करायची तर मूलभूत फरक असा की ग्रीकांनी शब्द फोडला नाही. धातू आणि प्रत्यय यांपासून रूप सिद्ध करण्याची कल्पना त्यांच्याकडे नाही. त्यांच्या दृष्टीने शब्द अखंड असतो आणि एका शब्दाची रूपे दुसऱ्या तशाच शब्दाच्या रूपांशी ताडून ठरवायची असतात. आपण 'देव' शब्द चालवून दाखवतो आणि 'राम' तसाच म्हणतो, तशी ही रीत. नेमकेपणात आणि बांधणीत पाणिनी कितीतरी पुढे आहे, यात मला शंका नाही, आणि या दोन परंपरांनी एकमेकींपासून काही घेतल्याचा पुरावाही नाही. पण वाक्यातील मेळ का जमतो किंवा का मोडतो, याची कारणे मोकळ्या गद्यात, शंका-समाधान करत मांडणे ही अपोलोनिओसची देणगी आहे, आणि त्या बाबतीत तो पाणिनीपेक्षा पतंजलीच्या अधिक जवळचा वाटतो.

त्याचा मुलगा हेरोदिआनोस रोमला गेला आणि ग्रीक आघातांवरचा वीस भागांचा ग्रंथ त्याने सम्राट मार्कस ऑरेलियसला अर्पण केला. खापरावर लिहिणाऱ्या बापाचा मुलगा सम्राटापर्यंत पोचला. मात्र मुलाचा तो प्रचंड ग्रंथ मूळ रूपात टिकला नाही, त्याचे संक्षेप उरले. बापाचा वाक्यविचार टिकला, आणि सुमारे इ. स. ५०० मध्ये कॉन्स्टँटिनोपलला लॅटिन शिकवणाऱ्या प्रिस्कियनने आपले वाक्यविचाराचे भाग त्याच्याच आधाराने लिहिले.

जुनीपोथी:

अन्वय यांच्या उत्तरात एकच भर घालतो. आरिस्तार्खोसचे एकही भाष्य आज मूळ स्वरूपात उपलब्ध नाही, तरी आपण त्याच्याविषयी इतक्या विश्वासाने बोलतो, ते कशाच्या बळावर? व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात इलियडची दहाव्या शतकातील एक हस्तलिखित प्रत आहे. तिच्या समासात बारीक अक्षरांत टिपा आहेत आणि ओळींच्या कडेला आरिस्तार्खोसची चिन्हे आहेत: आडवी रेघ, चांदणी, आणि लक्ष वेधणारी दोन रेघांची चोच, जिला 'दिप्ले' म्हणत. चोचीभोवती ठिपके असले तर तेथे झेनोदोतोसशी मतभेद आहे असे समजावे. व्हिलोआझों या फ्रेंच विद्वानाने ही प्रत १७८८ मध्ये छापली आणि तोवर नावापुरता उरलेला आरिस्तार्खोस पुन्हा बोलू लागला.

या टिपा आरिस्तोनिकोस, दिदिमोस, हेरोदिआनोस आणि निकानोर या चौघांच्या ग्रंथांतून उतरवल्या आहेत, असे त्या प्रतीतच जवळजवळ प्रत्येक सर्गाअखेर नोंदले आहे. यांपैकी दिदिमोसने साडेतीन हजार पुस्तके लिहिली असे एक परंपरा सांगते. आधी काय लिहिले ते त्याला आठवत नसे, म्हणून लोक त्याला 'पुस्तक-विसऱ्या' म्हणत. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने तर त्याच्या लेखनाला निरुपयोगी ठरवले. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. दिदिमोसने आरिस्तार्खोसचे पाठ टिपून ठेवले नसते तर आपल्याकडे आज ठिपक्यांची चोच असती आणि तिचा अर्थ नसता.

एक प्रसिद्ध स्थळ सांगतो. इलियडच्या चौथ्या-पाचव्या ओळींत वीरांची प्रेते कुत्र्यांचे भक्ष्य आणि 'सर्व पक्ष्यांचे' खाद्य झाली, असे आहे. झेनोदोतोसच्या पाठात 'सर्व' ऐवजी पक्ष्यांची 'मेजवानी' असे होते. त्यावर आक्षेप असा की मेजवानीचा 'दैस' हा शब्द होमर माणसांच्या पंगतीसाठीच वापरतो, पशुपक्ष्यांच्या खाण्यासाठी नव्हे. आक्षेप भक्कम दिसतो. पण चोविसाव्या सर्गात तोच शब्द सिंहाच्या भक्ष्यासाठी आला आहे. म्हणजे झेनोदोतोसचा पाठ इतक्या सहज फेटाळता येत नाही. एका शब्दासाठी सगळा ग्रंथ पुन्हा चाळायला लावणारी ही शिस्त आहे, आणि एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या तेव्हा त्यांच्यापुढेही असेच शब्द उभे राहिले असतील.

तेलवात:

साध्या शिक्षकांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. रोमन साम्राज्यात शहरे आपापल्या खर्चाने ग्रामातिकोस नेमत, आणि नेमलेल्या शिक्षकांना नगराच्या सक्तीच्या कामांतून सूट मिळे. सम्राट आंतोनिनस पायसने या सवलतीला मर्यादा घातली: लहान नगरात तीन वैयाकरण, मध्यम नगरात चार, सर्वांत मोठ्या नगरात पाच. कागदावर हे बरे दिसते. प्रत्यक्षात काय होत असे ते इजिप्तमधील ऑक्सिरिन्खोसच्या उकिरड्यांतून निघालेल्या एका पपायरसवरून समजते. लोलिआनोस नावाचा त्या शहराचा वैयाकरण सम्राट वालेरियन आणि गालिएनस यांना अर्ज करतो, म्हणजे काळ इ. स. २५३ ते २६० मधला. त्याचे म्हणणे असे की आपला पगार क्वचितच मिळतो, आणि मिळतो तेव्हा आंबलेल्या दारूच्या व किडलेल्या धान्याच्या रूपाने. तेव्हा शहराच्या हद्दीतील एक फळबाग आपल्याला द्यावी, म्हणजे तिच्या उत्पन्नावर मुलांना शिकवण्यासाठी स्वस्थता लाभेल. त्या पपायरसवर अर्जाचे मसुदे आहेत आणि दरबारातील एका ओळखीच्या माणसाला वशिल्यासाठी लिहिलेले पत्रही आहे. तो मजकूर वाचताना या माणसाने एकेक वाक्य किती वेळा तोलून पाहिले असेल, हे जाणवते.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियातच पालादास नावाचा वैयाकरण होता. तो कवीही होता, म्हणून त्याचे दुःख आपल्यापर्यंत पोचले. एका कवितेत तो शिकवणीच्या फीची हकिगत सांगतो: कोणी दाई महिन्याची रक्कम कागदात गुंडाळून आणते, ती अपुरी असते, आणि वर्षाच्या शेवटी सोन्याचे नाणे द्यायचे ठरले असले की विद्यार्थी अकराव्या महिन्यात दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जातो.

जुनीपोथी यांनी वर इलियडच्या चौथ्या-पाचव्या ओळींचा उल्लेख केला. पालादासच्या दुसऱ्या एका कवितेत त्याच ओळी आहेत. ग्रीक मुलाचा पहिला धडा म्हणजे इलियडच्या सुरुवातीच्या ओळी. पालादास त्या एकेक करून मोजतो: पहिलीत क्रोध, दुसरीत विनाशकारी असा शब्द आणि ग्रीकांची दुःखे, तिसरीत पाताळात गेलेले जीव, चौथीत कुत्रे, पाचवीत पक्षी आणि झ्यूसचा कोप. मग तो विचारतो की पाच शापांनी आणि पाच विभक्तींनी ज्याच्या कामाची सुरुवात होते त्या वैयाकरणाच्या वाट्याला मोठे दुःख येणार नाही तर काय येणार? येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपला 'विभक्ती' हा शब्द वाटणी करण्यावरून आला आहे. ग्रीकांचा 'प्तोसिस' हा शब्द पडण्यावरून. विभक्ती म्हणजे पतन. त्यामुळे 'पाच विभक्ती' म्हणताच ग्रीक कानाला 'पाच वेळा पडणे' असेही ऐकू येई.

हाच शब्द त्याने आणखी एकदा वापरला आहे, आणि ती कविता मला नेहमी आठवते. धंदा सुटला, शिष्य गेले, तेव्हा तो म्हणतो: कवी कालिमाखोसच्या पोथ्या मी विकतो आहे, पिंडारच्याही विकतो आहे, व्याकरणातल्या सगळ्या विभक्तीही विकतो आहे, कारण माझ्याकडे आता एकच विभक्ती उरली आहे, दारिद्र्याची.